कर्व्ह केलेला बायोडाटा

तिचा फोन वाजला की माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी भली बाई समजायला नको.

आम्ही दोघी लग्नपत्रिकांच्या दुकानात शेजारीशेजारी बसायचो. सोलापुरातल्या भर बाजारातलं दुकान. खाली काउंटर, वर माळ्यावर दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा. मी तिथे चौदा वर्षं काम केलं, तिला येऊन पाच झाली होती. पत्रिका जुळवायला तिला मीच शिकवलं, अगदी माउस कसा धरायचा इथपासून. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. मला अक्का म्हणायची. मी माढा तालुक्यातली, लग्न होऊन इथे आले आणि नवऱ्याच्या ओळखीने या दुकानात चिकटले. तिला शिकवताना मला फार अभिमान वाटायचा. ती माझ्याएवढं काम करायला लागली तेव्हा तो जरा कमी झाला. पुढे गिऱ्हाइकं जिना चढून येऊन "त्या तेलुगूवाल्या ताई कुठायत?" असं विचारायला लागली, तेव्हा तो पार संपला.

दिवाळीनंतर मालकांनी आम्हा दोघींना खाली बोलावलं आणि सांगितलं की वैशाखातल्या तिथी उरकल्या की दुकान बंद. लोक आता पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतात. छापतात त्या देवापुढे ठेवायला आणि रुसणाऱ्या नातेवाइकांना द्यायला. मालकांच्या मुलाला त्या जागेत मोबाईलची कव्हरं विकायची होती. मालक स्वतःच इतके ओशाळले होते की भांडताही आलं नाही. "तुमी दोघी हुशार हाव, तुमाला कुटंबी काम मिळंल की," ते म्हणाले. दोघी हुशार, हे मला तेव्हाही खटकलं.

काम शोधायचं तर आता कागद घेऊन दारोदार हिंडायचं नसतं, सगळं ऑनलाइन असतं, एवढं मला माहीत होतं. आणि बायोडाटा म्हणाल तर तो माझ्या हातचा मळ. लग्नाचा असो की नोकरीचा, सोलापुरातल्या किती पोरापोरींचे मी बनवून दिले असतील, मलाच आठवत नाही. नोकरीच्या बायोडाटावरही गणपती पाहिजे म्हणून अडून बसलेले बाप मी पाहिलेत, आणि बँकेत अर्ज करणाऱ्या मुलाची उंची आणि रास लिहायला लावणाऱ्या आयाही. माझा मात्र मी एकदम आजच्या पद्धतीचा केला. डावीकडे गडद निळी पट्टी, तिच्यात गोल फोटो. उजवीकडे अनुभव. खाली एकेका कौशल्यापुढे पाच ठिपके, चार भरलेले आणि एक रिकामा, म्हणजे थोडा नम्रपणाही दिसावा. कडेला इरकलीच्या काठावरून उचललेली बारीक नक्षी. दोन दिवस खपले त्याच्यावर. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "मंत्र्याचा वाटतोय."

तो मी पाठवत सुटले. औषधांच्या खोक्यांवर, मसाल्याच्या पाकिटांवर, शाळेच्या पुस्तकांत, कुठे ना कुठे अक्षरं जुळवणारं माणूस लागतंच. अर्ज भरताना आधी बायोडाटा चढवा म्हणायचे, आणि खाली बारीक अक्षरात असायचं की माहिती आपोआप भरली जाईल. चक्र फिरायचं, थांबायचं, आणि रकाने कोरेच. मला वाटायचं, हे नुसतं लिहिण्यापुरतं असतं, कचेरीतल्या 'विनम्र सेवा' या पाटीसारखं. मग नाव आणि फोन नंबर मी हाताने भरायचे आणि अनुभवाच्या रकान्यात लिहायचे, 'कृपया सोबतचा बायोडाटा पाहावा.' आजवर कुठल्याही अर्जात हेच चालत आलेलं. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत मी असे अर्ज करत राहिले. कुणाचा फोन नाही, मेल नाही. 'नको' म्हणायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नाही.

तिने तिचा बायोडाटा मोबाईलवर केला. तो पाहून मला हसू आलं. पांढरा कागद, काळी अक्षरं. नाव, फोन, काम, शिक्षण, भाषा, सगळं किराण्याच्या यादीसारखं एकाखाली एक. फोटो नाही, रंग नाही, ओळींमधलं अंतरसुद्धा सारखं नाही. माझ्या हाताखाली शिकून हे असं.

"असाच पाठवणार?" मी विचारलं.

"चालतंय की अक्का. वाचायला आलं म्हंजे झालं."

मी मनात म्हटलं, पाठव, पाठव. आठ दिवसांत तिला पहिला फोन आला.

फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलायची. मी कीबोर्डवरचे हात थांबवून कान लावायचे. 'हो सर', 'येस मॅडम', एवढंच ऐकू यायचं आणि तेवढंच पुरायचं. दुसरा आला, तिसरा आला. मी कारणं शोधायला लागले. ती सव्वीसची, मी बेचाळीसची. तिला तीन भाषा येतात. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. पण हे सगळं त्या लोकांना बोलण्याआधीच कसं कळतं, हे काही समजेना. जेवताना ती डब्यातली शेंगाची चटणी पुढे करायची तेव्हा मी पोट बरं नाही म्हणून सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

यातली खरी गंमत अशी, की ती सगळ्यांना नाही म्हणत होती. घरून काम करू देतील या आशेने अर्ज करायची, पण नोकऱ्या निघायच्या पुण्यामुंबईच्या, तिथे जाऊन राहायच्या. तिचे वडील तिला बाहेरगावी पाठवायला तयार नव्हते, आणि त्यांना एकटं टाकून जायला तीही तयार नव्हती. चार-पाच दिवसांनी ती जिन्यात जाऊन कुणालातरी गोड आवाजात नकार द्यायची. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या माळ्यावर कळलं. सोलापूर मलाही सोडता येत नव्हतं, मुलगी दहावीला आणि सासूबाई अंथरुणावर. पण निदान नाही म्हणायची संधी तरी मला कुणी द्यायला हवी होती.

मग एका बुधवारी दुपारी तिच्या कॉम्प्युटरवरून पत्रिका छापायला लावलेल्या होत्या, म्हणून ती माझ्या खुर्चीवर येऊन हैदराबादच्या एका कंपनीचा अर्ज भरायला बसली. मी मागे उभी. तिने आपला तो किराण्याचा कागद चढवला. चक्र फिरलं, थांबलं, आणि एकामागून एक रकाने भरत गेले. नाव. फोन. पाच वर्षांचा अनुभव. मराठी, तेलुगू, हिंदी. तिने कीबोर्डला हातही लावला नव्हता.

"हे खरंच आपोआप भरतं?" मी विचारलं.

"भरतंय की. आदी मशीन वाचतंय अक्का, माणूस नंतर. मशीनला काय दिसलं न्हाय तर ते माणसापतुर जातच न्हाय म्हणं."

मी खाली गेले, माठातलं पाणी प्यायले, आणखी एक ग्लास प्यायले. माझ्या काय लक्षात आलं ते सांगायचं तर आमच्या धंद्यातली एक रीत सांगावी लागेल.

आमची फाइल छापायच्या आधी प्लेट काढायला दुसऱ्या ठिकाणी जाते. तिथल्या कॉम्प्युटरवर आपला फाँट नसला तर अक्षरांचा विचका होतो. फार पूर्वी करकंबच्या एका पत्रिकेत नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन छापून आले होते आणि मुलीचे मामा जीप घेऊन दुकानात आले होते. तेव्हापासून दुकानाचा नियम झाला. फाइल बाहेर जायच्या आधी कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू. याला आम्ही कर्व्ह करणं म्हणतो. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होऊन जातं. माणसाला ते तसंच दिसतं, कुठल्याही कॉम्प्युटरवर बिघडत नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी त्या कागदावर एकही शब्द उरत नाही. हा नियम मी इतकी वर्षं पाळला की बायोडाटा जगात पाठवताना तोही कर्व्ह करूनच पाठवला, आणि माझ्या हातून काही वेगळं झालं हे मला जाणवलंही नाही. चार महिने मी जिथे तिथे कोरा कागद पाठवत होते, आणि वर लिहीत होते, सोबतचा बायोडाटा पाहावा.

वर जाऊन तिला हे सांगितलं असतं तर दोघी पोट धरून हसलो असतो. मी सांगितलं नाही. जिला माउस धरायला शिकवलं तिच्यापुढे मी अशी आंधळी ठरणार, हे माझ्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्याच दिवशी तिने मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पुण्याची कंपनी, लेबलांची अक्षरजुळणी, मराठी यायलाच हवं, दक्षिणेकडची आणखी एखादी भाषा आली तर उत्तम. आणि काम घरी बसून. जागा एकच.

"अक्का, बगा की. घर सोडायला नको. तुमी भरणार का?"

अशी जाहिरात मी चार महिने शोधत होते. पण ती माझ्याआधी हिलाच सापडावी, आणि हिने ती मला दान केल्यासारखी दाखवावी, याचाच मला राग आला. "मला नको बाई," मी म्हटलं. "माझं वय झालं आता असल्या फॉर्मांचं. तू भर."

शुक्रवारी ती जेवायला घरी गेली तेव्हा मी माझा बायोडाटा नव्याने केला. पट्टी काढली, ठिपके काढले, सगळं सरळ एकाखाली एक लिहिलं. अक्कलकोटच्या पत्रिका करून करून कन्नड जुळवता येतं, तेही लिहिलं. कर्व्ह केला नाही. पुण्याच्या त्या कंपनीच्या फॉर्मवर चढवला, तर रकाने माझ्या डोळ्यांदेखत भरले. माझं नाव त्या चौकोनात आपणहून येऊन बसलेलं पाहून मला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

तिथे थांबले असते तर ही गोष्ट सांगण्यासारखी झालीच नसती.

शनिवारी ती म्हणाली, "अक्का, माझा तुमच्यासारखा करून द्या की. त्ये पुण्याचं काम लेबलांचं हाय. बायोडाटा पण तसाच भारी दिसायला पायजे, न्हाय का? माझा लईच गरीब दिसतोय."

मी तिला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि बायोडाटा करायला घेतला. खोटं सांगत नाही, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा कागद होता. तिच्यासाठी मोरपंखी रंग निवडला. तेलुगू आणि मराठी अक्षरांची उंची एकमेकींना अशी जुळवली की दोन लिप्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात. तेलुगू मला वाचता येत नाही, पण अक्षराचं वजन कळतं. ती प्रत्येक ओळीला "आई गं, लई भारी" म्हणत होती आणि मला बरं वाटत होतं. तिने मान्य करावं की मी तिच्याहून सरस आहे, एवढंच मला हवं होतं, आणि ते ती मनापासून करत होती.

काम झालं. मी कंट्रोल-ए दाबलं. सगळं पान निवडलं गेलं. तिथे माझा हात थांबला. तो थांबला होता हे मला नीट आठवतं, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की ते सवयीने झालं. सवयीचा हात थांबत नाही. तिला तेलुगू येतं, मला नाही. जागा एकच आहे. ती सव्वीस वर्षांची आहे, तिला आणखी दहा फोन येतील. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि मग मी क्यू दाबला.

तिने फाइल मोबाईलवर घेतली, घरी जाऊन त्या फॉर्मला जोडून पाठवून दिली. घाईत रकाने तिने पाहिले नाहीत, चुकीचं काही असेल अशी शंकाही तिला यायचं कारण नव्हतं. तिच्या वडिलांनी तो बायोडाटा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. मराठी फारसं न वाचणारा माणूस, पण लेकीचा कागद इतका सुंदर झालाय हे त्यांना सगळ्या गल्लीला दाखवायचं होतं. मी तो स्टेटस दोनदा पाहिला.

दोन आठवडे गेले. लग्नसराई जोरात होती, पंढरपूरकडच्या दोन मोठ्या ऑर्डरी होत्या, बोलायला फुरसत नव्हती. मग एका सोमवारी ती माझ्या आधी येऊन बसलेली. मी चप्पल काढायच्या आत म्हणाली, "अक्का, लई मोठी चूक झाली आपली."

मी चप्पल जिन्यातच काढली.

"सकाळी दुसऱ्या कंपनीला तुमी केलेला बायोडाटा चढवला तर एक रकाना भरला न्हाय. मग टूब पेटली. आपण सवयीनं त्यो कर्व्ह केलाव की! पुण्याचं तर गेलंच, तितं एकदाच भरायला येतंय. जाऊ द्या ते." ती उठून माझ्याजवळ आली. "पण अक्का, तुमचा पण तसाच असणार. तुमी तर लई दिवस पाठवायलाव. म्हणून तुमाला फोन येत न्हाय. तुमचं काम वाईट हाय म्हणून न्हाय ओ. मला सकाळपासून तेच डोक्यात हाय, कधी एकदा तुमाला सांगते असं झालंय."

मी काहीतरी आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला. "असं होय," म्हणाले. मला ते कळून तीन आठवडे होत आले होते. तिला कळून तीन तास.

"सरका, मी टाइप करून देते," ती म्हणाली आणि माझ्या कॉम्प्युटरवर बसलीसुद्धा. माझा जुना निळ्या पट्टीचा बायोडाटा शेजारी उघडून ती नव्या कागदावर एकेक ओळ उतरवायला लागली. चौदा वर्षांचा अनुभव. मराठी, हिंदी जुळणी. मग आपल्या मनाने तिने एक ओळ वाढवली, नवीन कामगारांना शिकवून तयार करण्याचा अनुभव. "हे तुमी लिवलंच न्हाय की," ती म्हणाली. "मला कुणी शिकवलं मग?"

मी तिला अडवायला हवं होतं. नको करू म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार? मी तिच्या मागे उभी राहून तिची बोटं पाहत राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, पुण्याचा. "घ्या की, घ्या की," ती म्हणाली आणि टायपिंग थांबवलं, मला नीट ऐकू यावं म्हणून. जिन्यात जाऊन घ्यायचं मला सुचलं नाही. माळा केवढासा, पलीकडच्या बाईचा आवाज दोघींना ऐकू आला. लेबलांच्या कामासाठी तुम्ही अर्ज केला होता, तुमचा रेझ्युमे निवडला गेलाय, बुधवारी अकरा वाजता व्हिडिओवर मुलाखत, चालेल का? मी हो म्हटलं. थँक्यू म्हटलं. आणखी एकदा हो म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा तिची बोटं कीबोर्डवर तशीच होती. ती स्क्रीनकडे पाहत होती, जिथे माझा अर्धवट बायोडाटा होता. तिला गणित करायला फार वेळ लागला नाही. मीच तिला हुशार केलेलं.

"ह्यो पुण्याचाच ना?"

"हो."

"तुमाला नको होतं म्हणलाव की."

मी फोन पर्समध्ये टाकला.

"तुमचा कधी बदलला तुमी?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणता आलं असतं. पण ती मघापासून माझ्या खुर्चीवर बसून माझंच काम करत होती, आणि माझ्या तोंडून खरंच निघालं. "तुझा करायच्या आदल्या दिवशी."

तिने मान हलवली. टाइप केलेलं पान बंद केलं. जपून ठेवायचं का असं कॉम्प्युटरने विचारलं, तेव्हा नाही दाबलं. मग उठून तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. चहात साखर कमी आहे हे सांगावं इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "मला म्हणायचं की अक्का, ती जागा तुमाला पायजे म्हणून. मी फारमच भरला नसता."

कुणालाही वाटेल की त्या वेळी मला शरमेने मेल्यासारखं झालं. शरम आली, पण ती फार उशिरा आली, आणि अजून येते. त्या क्षणी मी तिच्याकडे पाहिलं आणि मला दिसलं की ती खरं बोलतेय. मी एक शब्द टाकला असता तर तिने खरोखर फॉर्म भरला नसता, आणि त्याचं तिला फार काही वाटलंही नसतं. आणि मला तिचा असा हेवा वाटला की आजवर तिच्या एकाही फोनचा तेवढा वाटला नव्हता. हेही हिच्याकडेच का असावं, असंच आलं माझ्या मनात.

ती तिच्या कॉम्प्युटरपाशी गेली आणि पंढरपूरची पत्रिका उघडून कामाला लागली. बुधवारी अकरा वाजता मी मुलाखतीला बसले.